आवाज तिकडंच ठेव

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ सप्टेंबर २००९

चि. सौंदर्या,

आप्पाचा आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग, आणि ऋतुराज तिकडं भेटला तर त्याच्याही डोक्यावर माझ्या नावानं हात ठेव.

तुझी मेल परवा वाचली. दिवाळीला येतेस, चांगली तीन आठवडे राहतेस, वाचून बरं वाटलं. खाली लिहिलंयस, ‘आप्पा, जुन्या डिस्कवर तुमचं सगळं रेकॉर्डिंग सापडलं. तुमचा आवाज मी परत जोडलाय. आता इंटरनेट नको, सर्व्हर नको, लॅपटॉप उघडला की बोलता येईल. येताना घेऊन येते.’ ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

मेलला मेलनंच उत्तर दिलं असतं तर तुला लगेच मिळालं असतं. पण त्या कॉम्प्युटरपुढं बसलो की बोटं अजून तुमचं ते इंटरनेटवरचं अंगण उघडायला जातात, आणि तिथं आता काही नाही. म्हणून पोस्टात जाऊन परदेशी पत्राचं पाकीट आणलं. तू निघायच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच पाहिजे, म्हणून रजिस्टर करणार आहे.

इकडचं म्हणशील तर गणपती झाले. पाऊस यंदा उशिरा आला आणि आता जायचं नाव घेत नाही. मार्केट यार्डात दसऱ्यानंतर नवा गूळ येईल. आपला गाळा दुसऱ्याकडं गेला तरी सकाळी मी एक चक्कर मारतो. हमाल अजून हात वर करतात. मी मुका, म्हणून माझ्यापुढं तेही मुके होतात आणि हातवारे करतात. मला ऐकू येतं हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. गळ्याचं भोक ठीक आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलं, नवीन काही नाही म्हणाले. धोंडुबाई आता दिवसभर घरी असते, उचगावाहून सकाळच्या बसनं येते आणि संध्याकाळी जाते. एवढा वेळ बाई कशाला लागते, असं तू मागं विचारलं होतंस. सांगतो. तुझ्या आईची, अव्वाची, तब्येत तशी धड आहे. खाते, चालते. परवा तिनं स्वतः भाकरी थापली.

आवाज परत मिळणार म्हणून आनंद झाला का, असं तू विचारलंयस. एका शब्दात उत्तर येत नाही. थोडं मागनं सुरुवात करतो. मला कधी कमी बोलता आलं नाही, तसं कमी लिहिताही येत नाही.

घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा अव्वा रडली, मी डॉक्टरांवर ओरडलो, आणि तू विचारलंस, ‘ऑपरेशन कधी?’ बस्स, तेवढंच. राजारामपुरीतल्या त्या वरच्या खोलीत तू आणि ऋतुराज अंगण बनवत होता. तिथं तुम्ही भिंतींना गाद्या टांगल्या आणि मला माइकपुढं बसवलंत. ऋतुराज एकेक शब्द वाचायचा, मी त्याच्या मागं म्हणायचो. पाणी, औषध, दुखतंय, दार लावा. पोरगा गारगोटीचा, पण शब्द सगळे शाळेच्या पुस्तकातले. ‘काका, म्हणा, कृपया.’ मी म्हटलं, ‘जन्मात कुणाला कृपया म्हटलं न्हाय, आता काय म्हणायचं?’ तेव्हा तू त्याच्या हातातले कागद काढून घेतलेस. म्हणालीस, ‘आप्पा, घरात बोलता तसं बोला. मी धरते.’

मग मी बोललो. यार्डात सौदा पुकारायचो तसा पुकारलो. हमालांना शिव्या दिल्या. तुला लहानपणी दटावायचो तसं दटावलं. अव्वाला हाक मारली. घसा सोलून निघायचा, थुंकीतनं रक्त यायचं, तरी बोललो. आणि मधेच गप्पही बसायचो. आवाज आता जाणार म्हटल्यावर त्याचं नेमकं काय करावं तेच सुचायचं नाही. तू माइक बंद न करता बसून राहायचीस.

ऑपरेशननंतर तू मला अंगण समजावून सांगितलंस. ‘आप्पा, आजवर कॉम्प्युटर म्हणजे पेटी. सगळं सामान पेटीत. पेटी मोडली की सामान गेलं. आमच्यात पेटी रिकामी, सामान इंटरनेटवर. कुठल्याही गावात, कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसा, नाव आणि पासवर्ड टाका, तुमचंच अंगण उघडणार. तुमच्या फायली, तुमची चित्रं, तुमचा आवाज.’ मी पाटीवर लिहिलं, ‘हे इंटरनेट ठेवलंय कुठं?’ तू म्हणालीस, ‘दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर.’ आपण दोघंही हसलो. माझं हसू म्हणजे भोकातनं नुसता वारा.

घरी पहिल्यांदा बोललो तो दिवस तू बघितला नाहीस, तू कामाला गेली होतीस. अव्वाला वाचता येत नाही. माहेर संकेश्वरचं, शाळा कन्नड, तीही जेमतेम. माझ्या पाटीचा तिला काही उपयोग नव्हता. ऑपरेशन झाल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना खुणा करून करून वैतागलो होतो. मी कॉम्प्युटरपुढं बसलो, एकेक अक्षर शोधून टाइप केलं आणि बटण दाबलं. ‘रुद्रे, च्या टाक.’

आत भांडं पडलं. ती दारात आली, तोंडाला पदर लावलेला.

‘परत म्हणा की.’

मी परत बटण दाबलं.

‘परत.’

त्या दिवशी चहा झालाच नाही.

मग सवय झाली. जो शब्द रेकॉर्ड केलेला नसायचा तो अंगण अक्षरं जोडून म्हणायचं, तेव्हा माझा पहिलीतला पोरगा व्हायचा आणि अव्वा पोट धरून हसायची. तिच्या भाच्याच्या लग्नाला संकेश्वरला निघालो होतो तेव्हा वाटेत गडहिंग्लजला गाडी बदलायची होती. तिथं कशावरनं तरी आमचं वाजलं. मी तिला हाताला धरून सायबर कॅफेत नेलं, पासवर्ड टाकला आणि तिथं भांडलो. कॅफेवाला उठून आला. म्हणाला, ‘पावणं, हळू की जरा. गिऱ्हाइकं पळतील.’ अव्वा त्याला ठसक्यात म्हणाली, ‘आमचं मालक असंच बोलत्यात.’ भांडण तिथंच मिटलं. तिच्या तोंडावरचा तो रुबाब मी विसरायचो नाही. माझ्या गळ्यातनं जे कापून टाकलं होतं ते गडहिंग्लजच्या एका टेबलावर मला सापडलं होतं. तू केलेली गोष्ट केवढी मोठी होती हे मला त्या दिवशी कळलं, ते तुला आजपर्यंत सांगायचं राहिलं.

त्या गोष्टीची दुसरी बाजूही होती. लाइट गेली की मी गेलो. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर घेतला, तर टेलिफोनची लाइन जायची. लाइन असली तर तुमचा सर्व्हर झोपायचा. तू म्हणायचीस, ‘आप्पा, थोडं थांबा, चालू होतंय.’ बायकोला काही सांगायला तोंड उघडावं आणि कुणीतरी थोडं थांबा म्हणावं, असं ते होतं. तक्रार नाही करत. जे होतं तेच आम्हाला भरपूर होतं.

तुला चंदगडचं आठवतं का? श्रावणात आम्ही माझ्या चुलतभावाकडं, आण्णाकडं गेलो होतो. तिथला पाऊस तुला माहीत आहे. तारा तुटल्या होत्या, अख्ख्या बाजारात इंटरनेट नव्हतं. तिथं होतो तोवर मी मुका. एका दुपारी आम्ही सगळे पुढच्या सोप्यात बसलो असताना अव्वानं आण्णाच्या बायकोला हळूच विचारलं, ‘हे पावणं कुणाकडचं गं? बोलत बी न्हाईत बिचारं.’ आणि माझ्याकडं बोट केलं. सगळे हसले, मीही हसलो. परत आल्यावर घरी अंगण उघडलं, ‘रुद्रे’ म्हटलं, तर ती धावत आली. ‘आलासा व्हय? कुठं गेलतासा इतकं दिवस?’ ही चेष्टा तुला मी तेव्हा कळवली होती. तूही हसली होतीस.

नंतर तू अंगण बंद करायचा निर्णय घेऊन घरी आलीस. अमेरिकेतल्या कंपनीला तू आणि ऋतुराज पाहिजे होता, अंगण नको होतं. मी पाटी घेऊन बसलो होतो, तू माझ्या पुढ्यात जमिनीवर.

‘आप्पा, ते बंद करायचं म्हणतात. आमच्याकडं दुसरा मार्गही राहिला नाही. पण तुमचं काय? तुम्ही अजून वापरता का?’

मी लिहिलं, ‘न्हाय. पाटी बरी पडते.’

‘खरं?’

‘खरं.’

कॉम्प्युटरवर मी सकाळीच चादर टाकून ठेवली होती. अव्वाला धोंडुबाईबरोबर देवळात पाठवलं होतं. मी व्यापारी माणूस आहे, सौंदर्या. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक का येत नाही हे मला तुमच्याआधी कळलं होतं. ज्याच्याकडं स्वतःचा कॉम्प्युटर नाही त्याच्यासाठी तुम्ही ते बनवलं, पण त्याच्याकडं धड इंटरनेटही नव्हतं. आणि ज्याच्याकडं चांगलं इंटरनेट होतं त्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता, त्याला तुमच्या अंगणात कशाला यायचं? अशा दुकानात मी एकटा बाकड्यावर बसून राहणार आणि माझ्या पायी माझी मुलगी शटर ओढणार नाही, हे मला चालणारं नव्हतं. आजही चालणार नाही.

तू पाटीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि सुटल्यासारखा श्वास घेतलास. सर्व्हरवर कोण किती वेळ बसतो ते तुम्हाला दिसायचं, हे ऋतुराजनं मला एकदा दाखवलं होतं. तू ते बघितलं होतंस की नाही, मला विचारायचं नाही. या पत्राच्या उत्तरातही ते लिहू नको.


१४ सप्टेंबर

परवा इथं थांबलो. धोंडुबाईनं विचारलं, पत्र झालं का. मी मान हलवली. झालं नव्हतं. जे लिहायला बसलो होतो ते सोडून बाकी सगळं लिहून झालं होतं.

तुझ्या अव्वाला विसरण्याचा आजार आहे. इथल्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून बघितला. डिमेन्शिया म्हणतात. बरं होणारा नाही, हळूहळू वाढणारा आहे. चंदगडला झाली ती चेष्टा नव्हती. तू फोन करतेस तेव्हा धोंडुबाई तिच्या हातात रिसीव्हर देते, ती ‘बरी हाय, जेवलीस का, पोरी’ एवढं म्हणते. ते तिला पाठ आहे, कुणालाही म्हणते. तुला वाटतं तिला ऐकायला कमी येतं. आम्ही तसं वाटू दिलं. नव्या मुलखात तू पाय रोवत होतीस आणि मी तुला फोनवर सांगू शकत नव्हतो, ही दोन्ही कारणं खरी आहेत.

अंगण चालू होतं तोवर हे झाकून होतं. तिचं डोकं कुठंही भरकटलं तरी आवाज ऐकला की ती जागेवर यायची. माझा चेहरा तिच्या हातनं आधी निसटला. आजारात मी वाळलो, मिशी गेली, गळ्याला सदा फडकं. ती ज्याच्याशी संसार करत होती तो माणूस असा दिसत नव्हता. पण आवाज तोच होता. म्हणून बटण दाबलं की मी तिचा नवरा व्हायचो आणि सोडलं की पुन्हा कोण जाणे कोण.

मग तुमचं पत्रक आलं. सगळ्या अंगणवाल्यांना आलं तसंच मलाही, ‘कृपया आपले सामान अमुक तारखेच्या आत काढून घ्यावे.’ शेवटी तुझं आणि ऋतुराजचं नाव. ते वाचून मला राग आला नाही. एवढंच वाटलं की मसुदा ऋतुराजनं लिहिला असणार, त्यात कृपया होतं.

सामान मी काढून घेतलं. गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं सगळं उतरवून सीडीवर घालून दिलं. घरी आणून उघडलं तर नुसते शब्द. ‘च्या’ एकीकडं, ‘टाक’ दुसरीकडं. ज्यानं ते एकापुढं एक लावून बोलणं केलं असतं ते तुमच्या सर्व्हरवर होतं, ते सामानात धरलेलं नव्हतं. मी एका शब्दावर माऊस न्यायचो, दाबायचो, मग दुसरा शोधायचो. तोवर अव्वा उठून आत गेलेली असायची. माझा आवाज माझ्या घरात होता, आणि मला बोलता येत नव्हतं.

बंद व्हायच्या दिवशी दुपारी मी तिला शेजारी बसवून घेतलं. ती लसूण सोलत होती. मी टाइप करत राहिलो. लग्नाच्या वेळी तिला बघायला गेलो होतो तेव्हाचं सांगितलं. तू झालीस तेव्हाचं सांगितलं. ती मधेच ‘व्हय की’ म्हणायची, मधेच काही आठवून हसायची. ‘रुद्रे, मी आता थोडं दिवस बोलणार न्हाय, पर मी हितंच हाय’ असं लिहिलं आणि बटण दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. पडदा पांढरा झाला होता. ती लसूण सोलत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘गेलं वाटतं यार्डात.’

मी तिथंच होतो. तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता.

तेव्हापासून मी या घरात पाहुणा आहे. सकाळी दारात उभा राहिलो की ती डोक्यावर पदर घेते आणि म्हणते, ‘बर्री, कुंद्री.’ या, बसा. मला पाट देते. धोंडुबाईला सांगते, पावण्यांना च्या दे, साखर जास्त घाल, लांबनं आल्यात. सौंदर्या, नवरा म्हणून या बाईनं मला इतक्या मायेनं कधी वाढलं नाही. मग समोर बसते आणि नवऱ्याबद्दल सांगते. ‘आमचं मालक यार्डात गेल्यात. येतील एवढ्यात. वरडत्यात लई, पर मनात काय न्हाय.’ मी मान हलवतो. पहिल्यांदा मी खुणेनं सांगायचा प्रयत्न केला की मीच तो. छातीवर हात ठेवला, तिचा हात धरला. ती इतकी घाबरली की परत तसं केलं नाही. परका माणूस हात धरतो म्हणजे काय. आता मी खोलीच्या या टोकाला निजतो, ती त्या टोकाला, आणि मधे धोंडुबाईनं दोरीवर पातळ वाळत घातलेलं असतं. अव्वाला ते पुरतं.

एक गोष्ट मात्र मला पाहुणा झाल्यामुळंच कळली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला मराठी येत नव्हती आणि माझ्या ओरडण्याची तिला भीती वाटायची. माझी आई तिला डबा घेऊन पाठवायची, तेव्हा ती यार्डाच्या भिंतीमागं उभी राहून मी सौदा पुकारताना ऐकायची. एकही शब्द समजायचा नाही. ‘पर पावणं,’ ती मला म्हणाली, ‘एवढ्या माणसांत यो एकच आवाज माझा हाय, असं वाटायचं बघा.’ डबा गार व्हायचा आणि मी तिच्यावर ओरडायचो, उशीर का केलास म्हणून. एवढ्या वर्षांत तिनं मला हे कधी सांगितलं नाही. पाहुण्याला सांगितलं.

आता तू विचारशील, मग आवाज आणते तर नको का म्हणता. तेच सांगायला हे सगळं लिहिलंय.

त्या सीडीवर सुट्या शब्दांत एक पुरं वाक्य होतं. तू मुद्दाम अख्खं घेतलेलं. ‘रुद्रे, कुठं हाईस गं?’ मला ते आषाढात सापडलं. अव्वा मागं परड्यात बसली होती. मी आवाज मोठा केला आणि दाबलं.

‘आले, आले,’ ती म्हणाली. तिचा तो आवाज मी विसरलो होतो. तरण्या बाईचा आवाज. ती पदर सावरत आत आली, तोंडभर हसत, आणि माझ्याकडं बघून थांबली. ‘पावणं, आमचं मालक आलं न्हवं?’ मी पुन्हा दाबलं. मला वाटलं, आवाज आणि मी एका जागी दिसलो की तिला जुळेल. ती कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघायला लागली. दाराच्या मागं बघितलं. न्हाणीत बघितलं. मी हात जोडले, छातीवर हात आपटला, तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. मग ती आत गेली. मला वाटलं निवली. मी पाटी घेऊन धोंडुबाईला काहीतरी लिहून दाखवत होतो, तेवढ्यात ती पुढच्या दारानं गेली.

पाऊस कोसळत होता. मी रस्त्यावर धावलो, सौंदर्या, आणि मला हाक मारता येत नव्हती. कुणाला विचारताही येत नव्हतं. लोकांच्या बाह्या धरून मी हातानं बुटकी, गोरी, हिरवं पातळ असं दाखवत होतो आणि लोक मला वेडा समजून बाजूला होत होते. धोंडुबाई दुसऱ्या बाजूनं शोधत गेली. दिवस मावळायला आला तेव्हा यार्डातल्या एका जुन्या हमालानं तिला रिक्षात घालून घरी आणलं. यार्डाच्या फाटकात भिजत उभी होती म्हणाला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, ‘आत्ता हाक मारली हो त्यांनी. मी आले तर न्हाईत.’

घरात आल्यावर ती रडली. माझ्या आजारपणातही ती अशी रडली नव्हती. मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘पावणं, तुम्ही तरी सांगा की, कुठं गेलं ते.’

आता ती शोधत नाही. तिच्या लेखी मी यार्डात गेलोय आणि येईन एवढ्यात. त्या ‘एवढ्यात’वर तिचा दिवस नीट जातो. आवाज ऐकला की ती उठणार, आणि उठून या घरात जो बसलाय त्याच्याकडं ती येणार नाही. दाराबाहेर जाणार. मला बोलता यावं म्हणून मी तिला पुन्हा त्या फाटकात उभी करायची नाही. सीडी मी माळ्यावर टाकली.

म्हणून तो आवाज तिकडंच ठेव. तू जोडलास, यात मला सगळं मिळालं. तुला माझी आठवण आली तर तू ऐक. तुझ्या पोराबाळांना ऐकव, त्यांचा आजा यार्डात कसा ओरडायचा ते. आमच्या घरात आणू नको. लॅपटॉप तुझ्या कामासाठी आणलास तरी त्यातलं ते उघडू नको. चुकूनही नको. मला एकट्यालाही ऐकवू नको. मला ऐकवेल, पण सोसवेल असं वाटत नाही.

आणि तू ये. हे वाचून तिकीट रद्द करशील किंवा उद्याच धावत निघशील, दोन्ही करू नको. ठरलंय तेव्हा ये. अव्वा तुला ओळखेल असं मी सांगू शकत नाही. तिच्या लेखी तू अजून शाळेत आहेस, दप्तर घेऊन येशील एवढ्यात. दारात तिला ‘अव्वा’ म्हणून मिठी मारू नको, ती घाबरेल. ती ‘बर्री’ म्हणेल, तर बस. मी बसतो त्याच्या शेजारी बस. ती चहा देईल, साखर जास्त असेल, पिऊन टाक. तिच्यापुढं रडू नको. रडायचंच असलं तर मागं परड्यात जा, मीही तिथंच जातो.

ती तुला विचारेल, ‘कुणाची गं तू?’ तेव्हा माझ्याकडं बघू नको. सरळ तिच्याकडं बघ आणि सांग, बसाप्पाची. माझं नाव कुणी घेतलं की तिचं तोंड उजळतं. पाहुणा म्हणून मला तेवढं बघायला मिळेल.

तुझा,
आप्पा